आठ ते बारा फेब्रुवारीच्या फायली

मंगळवार, ११ फेब्रुवारी

डिस्क ९४ टक्के भरली! काल ८९ होती. बॅकअपच्या टेपचं यंत्र बंद पडून आज चौथा दिवस. दुरुस्तीवाल्याचं एकच पालुपद — सुटा भाग यायचाय, आला की लगेच. लगेच म्हणजे कधी, हे त्याच्या बापालाही माहीत नसावं.

माझ्या हाताखालचा माणूस — सगळे त्याला सावकाश म्हणतात — सकाळपासून माझ्या टेबलाभोवती घुटमळत होता. शेवटी बोलला — "मॅडम, काहीही झालं तरी लॉग उडवायचे नाहीत हं. टेपवर न गेलेली एक फाईल जरी गेली, तर साखळी तुटेल." मला शिकवतोय! आठ वर्षांपूर्वी हे मीच त्याला शिकवलं, याच टेबलावर. "माहीत आहे रे," म्हटलं. जरा तोडूनच म्हटलं. चेहरा उतरला त्याचा.

एक्स-रे विभागाचा जुना सर्व्हर रिकामा आहे. तिथे फायली हलवायच्या, तर त्यांच्या प्रमुखाची लेखी परवानगी लागते. सावकाशने अर्ज देऊन ठेवला. उद्या मिळेल म्हणतात.

सावकाशचं खरं नाव हजेरीपुस्तकाखेरीज कुठेच उरलेलं नाही. कुठलंही काम करायच्या आधी हाताने यादी लिहितो आणि एकेक ओळ झाली की टिक करतो. म्हणून सावकाश. मला पाठीमागे कुलूप म्हणतात, तेही ठाऊक आहे. कुणाला कसली परवानगी देत नाही म्हणून. कुलूप आणि सावकाश — हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागाला आणखी काय पाहिजे!

जेवताना ताईने विचारलं, तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं? तिला सांगितलं. डेटाबेस म्हणजे आमची पक्की वही. पेशंटची प्रत्येक तपासणी, प्रत्येक रिपोर्ट तिच्यात. पण काहीही लिहायचं झालं की ते आधी कच्च्या वहीत पडतं — ते लॉग. कच्च्या वहीची पानं भराभर साठतात. ती टेपवर उतरवून घेतली की मग इथली टाकून द्यायची. उद्या पक्की वही जळाली, तर महिन्याच्या पहिल्या रविवारी काढलेली तिची झेरॉक्स घ्यायची आणि कच्ची वही पहिल्या पानापासून क्रमाने तिच्यात उतरवत जायची.

"आणि मधलं पान फाटलं तर?"

"तर पुढची सगळी पानं रद्दी. क्रम मोडून पुढे जाताच येत नाही."

ताई म्हणाली, मग जपा की गं ती पानं. आणि पलीकडच्या खोलीत जाऊन शब्दकोडं सोडवत बसली.

बुधवार, १२ फेब्रुवारी



सकाळी सावकाशचा फोन. मुलीला तापात झटका आला, दवाखान्यात ठेवलंय, दोन दिवस येणार नाही. आवाज चिरका झाला होता. म्हटलं, इकडची काळजी करू नकोस.

सव्वाअकराला डिस्क शंभर टक्के. लॉग लिहायला जागा नाही म्हटल्यावर डेटाबेस जागच्या जागी थांबला. थांबणारच! खाली लॅबच्या हॉलमध्ये दोनशे माणसं, रिपोर्ट निघेना. खिडकीवरच्या बाईवर लोक ओरडायला लागले. फोनवर फोन. अर्ध्या तासात अधीक्षक स्वतः वर आले. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. आले ते थेट माझ्या खुर्चीच्या मागे उभे राहिले.

"काय अडलंय?"

"जुन्या लॉग फायलींनी जागा खाल्लीय, सर. हलवायला हव्यात."

"किती वेळ?"

"अर्धा-पाऊण तास. माझ्याच कॉम्प्युटरवर थोड्या घेते."

"पाऊण तास! खाली हातघाईवर आलेत लोक. जुन्याच आहेत ना? उडवा मग!"

मी "पण सर" म्हणाले. म्हणाले नक्की. त्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता.

त्या फोल्डरवर हक्क फक्त बॅकअपच्या खात्याला. ते खातं सावकाशच्या ताब्यात, पण वरिष्ठ म्हणून पासवर्ड मला माहीत. आत गेले. एक ओळ लिहिली. आठ तारखेपासून आजपर्यंतच्या बेचाळीस फायली. एंटर.

दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत!

खालून प्रिंटरचा आवाज सुरू झाला. अधीक्षक म्हणाले, "शाब्बास," आणि खांद्यावर थाप मारून गेले. बावीस वर्षांत मी असं काम केलेलं नाही. माझ्या हाताखालच्या कुणी केलं असतं तर मी त्याला उभं सोललं असतं.

आता एकच उपाय — लवकरात लवकर सगळ्याचा नवा पूर्ण बॅकअप घ्यायचा. नवी झेरॉक्स काढली की जुनी फाटलेली पानं लागतच नाहीत. सहा तासांचं काम, आणि तेवढा वेळ सिस्टीम गोगलगायीसारखी चालते. चालू दिवशी कोण घेऊ देणार? शनिवारी लॅब दुपारी बंद होते. शनिवारी घेऊ.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

एक्स-रेवाल्यांची परवानगी आली. सही कालच्या तारखेची, कागद आजचा.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सावकाश आला. मुलगी बरी आहे, घरी आणली. डोळे खोल गेलेत त्याचे. बसल्याबसल्या पहिला प्रश्न — "मॅडम, फायलींचं काय केलंत?"

मी म्हटलं, "हलवल्या. जुन्या सर्व्हरवर."

का म्हटलं असं? सांगायचं होतं, की उडवल्या, अधीक्षक बोकांडी बसले होते, शनिवारी पूर्ण बॅकअप घेऊ. तीन वाक्यं. त्याने काही घर डोक्यावर घेतलं नसतं. पण मंगळवारी मी त्याला तोडून बोलले होते ना! माहीत आहे रे, म्हणाले होते. त्याच्या तोंडावर कसं सांगणार, की तू नको म्हणालास तेच मी केलं? जीभ आपोआप वळली.

"बरं झालं," तो म्हणाला. आणि यादी लिहायला घेतली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

बॅकअप घेतला नाही. दुपारी सगळे गेले, पण सावकाश बसून राहिला. कधी नव्हे ते. त्याच्यासमोर सुरू केला असता तर कारण विचारलं असतं. तीन वाजेपर्यंत दोघं समोरासमोर बसलो. त्याने पंखा बंद केला, पुन्हा लावला. मग मीच उठले. टेपचा सुटा भाग सोमवारी नक्की येणार म्हणतात.

आजवर कधी काही झालं नाही. पुढची झेरॉक्स दोन मार्चला आहेच, तोवरच्या दोन आठवड्यांत काय आभाळ कोसळणार आहे?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

कोसळलं.

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी दोन डिस्क एकदम गेल्या. एक गेली तर दुसरी सांभाळते, म्हणून तर दोन असतात! पक्की वही गेली. उरलेली कच्ची वही वेगळ्या, तिसऱ्याच डिस्कवर आहे, ती शाबूत. नवी डिस्क लावली, दोन तारखेची प्रत चढवली, टेपवरचे लॉग चढवले. दोन, तीन, चार... सात तारीख. आणि थांबलं. पडद्यावर ओळ आली — पुढची फाईल द्या.

खोलीत आठ-दहा जण. अधीक्षक, लॅबच्या प्रमुख बाई, पुरवठादाराचा माणूस. सगळ्यांदेखत सावकाशने मला विचारलं, "मॅडम, आठ तारखेच्या पुढच्या फायली?"

"जुन्या सर्व्हरवर असायला हव्यात."

तो बघायला उठलासुद्धा नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, "तिथे नाहीत."

 तेरा ते अठरा तारखेच्या फायली आमच्याकडे आहेत. सगळ्या. धडधाकट. आणि कवडीच्या कामाच्या नाहीत.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात बघवलं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दहा दिवसांचं सगळं गेलं. तीन हजारांवर तपासण्या. रक्त-लघवीचे कागद लॅबमध्ये ठेवलेले असतात, त्यावरून पुन्हा टाइप करायचं. गाठींच्या तपासण्यांचे रिपोर्ट मात्र डॉक्टर थेट कॉम्प्युटरवरच लिहितात. त्या गाठींच्या तुकड्यांच्या काचा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पुन्हा वाचायच्या. कुठल्या काचा, ते हाताने लिहिलेल्या रजिस्टरवरून काढायचं. प्रमुख बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं — काम बघून की राग येऊन, कळलं नाही.

मी पण टाइप करायला बसलेय. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मान मोडतेय. मोडू दे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

चौकशी समिती नेमली. अध्यक्ष कोण? अधीक्षक!

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सगळं आठवेल तसं लिहून ठेवते.

लांब टेबल. अधीक्षक मध्ये, दोन्हीकडे दोन डॉक्टर, टोकाला लिहून घेणारा कारकून. आधी सावकाशला बोलावलं. मी आधीच एका बाजूला बसलेले. अधीक्षकांनी वाचून दाखवलं — बारा तारखेला अकरा अठ्ठावन्नला बॅकअपच्या खात्यातून बेचाळीस फायली उडवल्याची नोंद मिळाली आहे. खातं कुणाचं? "माझ्या ताब्यात," तो म्हणाला. "पण मी त्या दिवशी रजेवर होतो. मुलगी दवाखान्यात होती."

एक डॉक्टर म्हणाले, "खात्यात घरूनही शिरता येतं ना?"

"येतं. पण मी शिरलो नाही."

"मुलीच्या काळजीत, घाईघाईने केलं असेल. होतं माणसाच्या हातून."

सावकाश आणि घाईघाईने! मला हसू फुटेल की रडू, असं झालं.

मग तो माझ्याकडे वळला. एकदाच.  आणि त्याच वेळी अधीक्षक म्हणाले, "मॅडमनी त्या दिवशी बंद पडलेली सिस्टीम चालू केली. मी स्वतः तिथे हजर होतो." इतकं म्हणून त्यांनी कागद उलटला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मला विचारलं, आपल्याला काही सांगायचं आहे?

 समोरचा पाण्याचा पेला मी बाजूला सरकवला. मी म्हणाले, "त्या दिवशी फार गडबड होती. नीटसं आठवत नाही."

कारकुनाने लिहून घेतलं. पेनचा आवाज ऐकू येत होता.

बुधवार, ५ मार्च

सावकाशला काढलं. तो कंत्राटी, मी कायम. एका सहीत मोकळे झाले.

त्याने खण आवरला. यादी करून आवरला! किल्ल्या — टिक. ओळखपत्र — टिक. मुलीचा फोटो. दारात आला, "येतो मॅडम," म्हणाला. मी मान हलवली. एवढंच. पडद्यावरची नजर काढली नाही.

रविवार, ९ मार्च

ताई म्हणते, तुझ्या पानात रोज अर्धं उरतं. पोटाचं बघून घे कुणाकडे.

बुधवार, १९ मार्च

नवा माणूस आला. चुणचुणीत आहे. विचारतो, "आधीच्यांनी सगळे लॉग उडवले म्हणे? कोण होते हो ते, एवढे बिनडोक?"

"कामाला लाग," म्हटलं.

पुनर्लेखन संपलं. प्रमुख बाईंनी वरती कळवलं — सर्व नोंदी पूर्ववत, रुग्णांचं नुकसान नाही. हे वाक्य मी चार वेळा वाचलं. रुग्णांचं नुकसान नाही. मग झालं तर! एकाची नोकरी गेली, मिळेल दुसरी. हुशार आहे, तरुण आहे. असं मनाशी म्हणत घरी आले. आज जरा जेवले.

रविवार, ६ एप्रिल

बाजारात सावकाशची बायको दिसली. मुलीचा हात धरून. मी खांबाआड झाले. पन्नाशीची बाई, खांबाआड!

मंगळवार, २२ एप्रिल

एक माणूस लॅबच्या खिडकीवर आला. खिडकीवरच्या बाईला त्याचा रिपोर्ट सापडेना, म्हणून वर माझ्याकडे पाठवलं. पंचेचाळिशीचा असेल. बस चालवतो. गळ्याला मफलर — या उन्हात.

"दहा फेब्रुवारीला मानेतल्या गाठीचा तुकडा काढला होता. रिपोर्ट हवाय. डॉक्टर म्हणतात, त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही."

"तेव्हाच का नाही नेलात?"

"तेव्हा म्हणाले, काही वाईट असलं तर आम्ही फोन करू. फोन आला नाही. म्हटलं, सुटलो!" आणि हसला. "आता गाठ वाढलीय, म्हणून आलो."

शोधलं. नाही. मग खाली जाऊन हाताचं रजिस्टर काढलं. दहा तारखेचं पान. त्या दिवशी कुणीतरी एकच क्रमांक दोघांना दिला होता. वरचं नाव एका म्हातारबाईचं. खालचं याचं. पुन्हा वाचायच्या काचा क्रमांकावरून काढल्या, क्रमांक एकच म्हणून काचही एकच. दुसरी कपाटातच राहिली.

प्रमुख बाईंनी लगेच काच लावली. मी बाजूला उभी. त्यांनी बराच वेळ डोळा उचलला नाही. मग म्हणाल्या, "ही मी आधी पाहिलीय. चौदा तारखेला. रिपोर्टसुद्धा लिहिला होता मी! बुधवारी त्याचे डॉक्टर बसतात. एकोणीसला त्यांच्या पडद्यावर गेला असता..."

एकोणीसला. अठराला सगळं गेलं.

"वाईट आहे?" मी विचारलं.

त्यांनी नुसती होकारार्थी मान हलवली.

तो वर माझ्या खोलीत बाकावर बसला होता. मफलर सोडून घडी घालत होता. मला बघून उभा राहिला. "सापडला का?"

गुरुवार, २४ एप्रिल

त्याला वॉर्डात घेतलं. दुपारी गेले. काय म्हणून गेले? रिपोर्टचं सांगायला, असं स्वतःला सांगितलं.

कॉट खिडकीशी. बायको स्टुलावर, डबा मांडीत. मला ओळखलं त्याने — "या, या! कॉम्प्युटरवाल्या बाई." बायकोला म्हणाला, ह्यांनीच शोधून दिला. ती उठली आणि मला स्टूल दिलं! माझे हात धरले. "तुमच्यामुळे सापडला हो."

मी बसले. काय करणार?

तो बोलका आहे. म्हणाला, "फेब्रुवारीत दहा दिवस फोन उशाशी घेऊन झोपायचो. वाजला की काळजाचं पाणी. अकराव्या दिवशी ही म्हणाली, आता नाही यायचा. त्या रविवारी आम्ही घराला रंग द्यायला काढला. सहा वर्षं राहून गेला होता. पिवळा दिला, हिच्या आवडीचा. मी म्हटलं, मरायचं टळलंय, आता तुला हवा तो दे!"

बायको हसली आणि मग डबा बंद करायला लागली. झाकण लागेना तिला.

बाहेर त्यांचे डॉक्टर भेटले. विचारलं, फेब्रुवारीत कळलं असतं तर? म्हणाले, "तेव्हा एकाच ठिकाणी होती. आता फुप्फुसात आहे. नऊ आठवड्यांची गोष्ट, मॅडम."

 

शनिवार, २६ एप्रिल

ताईला सांगितलं. सकाळी, भाजी निवडताना. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिला एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे काही वाक्यं दोनदा, मोठ्याने सांगावी लागली. "मी खोटं बोलले." "काय?" "मी खोटं बोलले, ताई!" शेजारच्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे.

तिने निवडणं थांबवलं नाही. सगळं ऐकून म्हणाली, "तरीच अन्न जात नव्हतं."

मग पुढची जुडी सोडत — "चांगलं केलंस म्हणू? नाही केलंस. त्या माणसाची नोकरी गेली तेव्हा गप्प बसलीस, ते तर मुळीच नाही. मला वाटायचं, माझी बहीण जराशी खडूस आहे, पण सरळ आहे."

रडले. तिने जवळ घेतलं नाही. भाजी संपली तेव्हा म्हणाली, "कागद-पेन आण. तुझं अक्षर कुत्र्याच्या पायाचं आहे. तू सांग, मी लिहिते."

चार वाजले लिहून होईपर्यंत. दीड पानाची कबुली. खाली सही माझी.

सोमवार, २८ एप्रिल

आधी अधीक्षकांना दाखवलं. ते उभ्यानेच वाचायला लागले, मग बसले.

"हे आत्ता कशाला? प्रकरण मिटलंय."

"ड्रायव्हर वॉर्डात आहे, सर."

"त्याला याने काय होणार? बरा होणार आहे? तुम्ही जाल, इतकंच. सात वर्षं उरलीत तुमची."



मग बोट ठेवून म्हणाले, "निदान हे वाक्य काढा."

"कुठलं?"

"'अधीक्षक माझ्या मागे उभे होते व त्यांनी फायली उडवण्यास सांगितले.'"

"तुम्ही उभे होतात, सर."

"उभा होतो! पण मला त्यातलं काय कळतं? तुम्ही जाणकार. मी म्हटलं विहिरीत उडी मारा, तर माराल?"

मारली की! असं तोंडावर आलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांचं अगदीच चूक नाही. नाही म्हणायला बावीस वर्षांचा अनुभव माझ्याकडे होता, त्यांच्याकडे नुसतं घड्याळ.

वाक्य काढलं नाही. खाली आवक खिडकीवर जाऊन दिलं. कारकुनाने न वाचता शिक्का मारला, क्रमांक घातला, दुसरी प्रत परत दिली. "पुढचे!" म्हणाला.

बुधवार, ३० एप्रिल

मला घरी बसवलं, चौकशी होईपर्यंत. ओळखपत्र काढून घेतलं. सावकाशला निर्दोष म्हणून परत घेण्याचं पत्र आजच निघालं, असं कारकून म्हणाला.

चला. एक तरी गोष्ट जागच्या जागी गेली. आज बऱ्याच दिवसांनी दुपारी डोळा लागला.

शुक्रवार, २ मे

वॉर्डात गेले होते, आता साधी भेटायला येणारी म्हणून. ड्रायव्हरला सांगितलं — तुमचा रिपोर्ट माझ्यामुळे हरवला. कसा, तेही. तो ऐकत राहिला. बायको म्हणाली, "तुम्ही जा आता." ओरडली नाही. नुसतं म्हणाली.

आले.

रविवार, ४ मे

सकाळी सावकाश आला. ताईने खुर्ची दिली. मी माफी मागायला सुरुवात केली तर हात वर केला — "थांबा, मॅडम. आधी माझं ऐका. चौदाला तुम्ही हलवल्या म्हणालात, तेव्हाच मी जुन्या सर्व्हरवर जाऊन पाहिलं. फायली नव्हत्या. मला तेव्हाच कळलं."



"शनिवारी मुद्दाम बसलो होतो. म्हटलं, बघू सांगतात का. तुम्ही उठून गेलात. मग मी एकटाच होतो खोलीत, रात्रीपर्यंत. पूर्ण बॅकअप घेता आला असता मला. सहा तासांचं काम. नाही घेतला."

"का रे?"

"आठ वर्षं तुमचं ऐकून घेत होतो. म्हटलं, बुडू दे एकदा." तो जमिनीकडे बघत होता. "तुम्हीच बुडाल असं वाटलं होतं. पेशंट कुणी माझ्या डोक्यातच नव्हता."

माझ्याही नव्हता.